गिटारीची जन्मपत्रिका

मनुष्याला आपल्या जन्माचें कौतुक असतें, आणि तें असूं नये असें म्हणण्याइतके आम्ही अरसिक नाहीं. वाढदिवसाला औक्षण करून घ्यावें, आपण जन्मलों त्या रात्रीच्या पावसाची आणि घरांतल्या धांदलीची हकीकत आईच्या तोंडून पुन्हां पुन्हां ऐकावी, यांत कोणाचें कांहींच बिघडत नाहीं. परंतु या कौतुकानें अलीकडे एक निराळेंच रूप धारण केलें आहे, आणि अमेरिका व इंग्लंड या देशांत तें इतकें बोकाळलें आहे कीं, त्याचा एकदां स्पष्ट शब्दांत समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें. पन्नाशीच्या आसपास पोंचलेला, चार पैसे गांठीला असलेला आणि तरुणपणीं गिटारीवर बोटें फिरविलेला गृहस्थ एके दिवशीं असा संकल्प सोडतो कीं, आपण ज्या सालीं जन्मास आलों त्याच सालीं तयार झालेली गिटार आपल्या घरीं आलीच पाहिजे. तिचा आवाज कसा आहे, ती हाताला बसते कीं नाहीं, हे प्रश्न मागाहून; आधीं साल. ही हौस पुरविण्याची ऐपत असलेलीं घरें आतां पुण्या-मुंबईसहि आहेत, परदेशीं स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींत तर आहेतच. तेव्हां पाहुणी उंबरठ्याच्या आंत येण्यापूर्वींच तिची चौकशी केलेली बरी.

या चौकशींत पहिली गोष्ट नजरेस येते ती ही, कीं हा प्रकार आपणांस मुळींच नवा नाहीं. हें शुद्ध पत्रिका जुळविणें आहे. गिटारीच्या डोक्यावर किंवा पाठीवर घातलेला अनुक्रमांक ही तिची जन्मपत्रिका. तो क्रमांक वाचून साल सांगणारा तज्ज्ञ व्यापारी हा जोशी. आणि वरपक्षाची अट एकच, कीं सालाशीं साल जुळावें. ज्या सुशिक्षितांनीं स्वतःच्या लग्नांत पत्रिका पाहूं दिली नाहीं, मंगळाची ज्यांनीं यथेच्छ थट्टा केली, त्यांनींच लांकूड आणि तार यांच्या एका वस्तूशीं आपली ग्रहदशा ताडून पाहावी, हा विनोद मोठा आहे. पत्रिका अडचणीची असली म्हणजे सोयीची दुसरी बनवून घेण्याची युक्तीहि आपल्या समाजाला अपरिचित नाहीं. गिटारीच्या बाजाराला ती आपल्याहून अधिक साधली आहे. त्याकडे पुढें वळूं.

या हौसेच्या समर्थनार्थ जें पहिलें कारण पुढें केलें जातें तें आवाजाचें. जुन्या लांकडाचा आवाज भरतो, वर्षानुवर्षें वाजून तें मोकळें होतें, असें सांगण्यांत येतें. हें सर्व घटकाभर खरें मानलें तरी त्यापासून जन्मसालाचा हट्ट निघत नाहीं. गिब्सन कंपनीच्या १९५९ सालच्या 'लेस पॉल' गिटारीचा आवाज सर्वोत्कृष्ट असें ज्याचें मत असेल, त्यानें १९५९ ची गिटार मागावी. मग तो स्वतः १९५९ सालीं जन्मलेला असो, १९७१ सालीं असो वा १९८८ सालीं असो. कानाला जें साल आवडलें तें एक, आणि म्युनिसिपालिटीच्या जन्मनोंदणींत सांपडलें तें दुसरें; तीं दोन्ही एकच निघावींत अशी तजवीज निसर्गानें केलेली नाहीं. १९७१ सालीं जन्मलेला गृहस्थ जर १९७१ चीच गिटार मागत असेल, तर ती मागणी त्याचा कान करीत नाहीं, एवढें तरी कबूल केलें पाहिजे. एकदां हें कबूल झालें म्हणजे लांकडाच्या परिपक्वतेवरचीं व्याख्यानें गैरलागू होतात.

शिवाय त्या व्याख्यानांतहि दम किती आहे, याची परीक्षा झालेली आहे. इंग्लंडांतील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनीं एका कारागिराकडून सहा गिटारी बनवून घेतल्या. सर्व बाबतींत सारख्या, पाठ आणि कडा यांचें लांकूड मात्र प्रत्येकीचें निराळें; एक ब्राझिलच्या दुर्मिळ शिसवीची, एक भारतीय शिसवीची, बाकीच्या महागनी, मेपल, अक्रोड अशा लांकडांच्या. ५२ वादकांना अंधुक प्रकाशांत, डोळ्यांवर वेल्डरांचे काळे चष्मे चढवून त्या वाजवावयास दिल्या. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, कीं वादकांच्या पसंतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. जुन्या इटालियन व्हायोलिनांविषयीं क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनीं अशाच परीक्षा घेतल्या होत्या, व तेथें तर निष्णात वादकांनीं, डोळे झांकलेले असतां, बहुधा नव्याच वाद्यांकडे हात नेला. डोळे उघडे असते तर त्याच हातांनीं काय केलें असतें, हें सांगावयास नको.

आतां 'साल' म्हणजे काय, तें पाहूं. गिटार जन्मते केव्हां? लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवचा, रेडिओ दुरुस्त करणारा मनुष्य. त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नव्हती. १९५० च्या सुमारास त्यानें विजेच्या गिटारीची जी घडण बसविली तिचें मर्म असें, कीं मान धडाला सरसानें न चिकटवितां चार स्क्रूंनीं आवळावयाची. हेतु हा, कीं मान झिजली अथवा वांकली तर स्क्रू काढून दुसरी बसवितां यावी. जिच्या देहाच्या अखंडत्वाबद्दल आज एवढें सोवळें पाळलें जातें, तिला तिच्या जनकानेंच सुट्या भागांची वस्तु म्हणून घडविलें होतें! कारखान्यांत माना एकीकडे तयार होत, धडें दुसरीकडे. मानेच्या टोकाशीं पेन्सिलीनें अथवा शिक्क्यानें तारीख घातलेली असे. ती त्या मानेची तारीख, गिटारीची नव्हे. पाठीवरची क्रमांकाची धातूची पट्टी कामगार ढिगांतून हाताला येईल ती उचलून बसवी, त्यामुळें हे क्रमांक कालक्रमानें लागत नाहींत. आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाखालीं जी डबी असते तिच्यावर एक आंकडा ठोकलेला असतो; त्यांतले पहिले तीन अंक ती डबी करणाऱ्या कंपनीचे, नंतरचे सालाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. '१३७६६२५' याचा अर्थ सी. टी. एस. कंपनीनें १९६६ सालच्या पंचविसाव्या आठवड्यांत केलेली डबी. फेंडर कारखान्यानें १९६६ सालीं अशा डब्या एवढ्या खरेदी करून ठेवल्या कीं, त्या १९६९ पर्यंत पुरल्या. तेव्हां १९६८ सालीं जन्मलेल्या सद्गृहस्थानें मोठ्या शोधानें मिळविलेल्या १९६८ च्या गिटारीचें पोट उघडलें, तर आंत बहुधा १९६६ साल निघतें. मग समवयस्क कोण? मान, धड, कीं डबी?

गिब्सनची तऱ्हा याहून न्यारी. १९६० नंतरच्या दशकांत तिनें तेच ते क्रमांक निरनिराळ्या वर्षीं पुन्हां वापरले, त्यामुळें नुसत्या क्रमांकावरून साल सांगणारा जोशी तेथें हटकून फसतो. १९७७ पासून आठ आंकड्यांची जी पद्धत सुरू झाली तिच्यांत सालाबरोबर त्या सालांतला कितवा दिवस हेंहि कळतें. म्हणजे १९७७ नंतर जन्मलेल्यांनीं हवें तर तिथीसुद्धां जुळवून घ्यावी! मार्टिन कंपनीचा हिशेब मात्र चोख आहे. १८९८ पासून तिचे क्रमांक ओळीनें चालले आहेत, आणि कोणत्या वर्षीं कोठपर्यंत मजल गेली याची यादी कोणालाहि पाहावयास मिळते. तेथें साल विचारणाराला निदान उत्तर मिळतें, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे.

पण मार्टिनच्या गिटारीचें तरी त्या सालीं जन्मलें काय? तिच्या पोटावर बसविलेली स्प्रूसची फळी ज्या झाडाची, तें झाड कित्येकदां दोन-तीनशें वर्षें उभें राहिलेलें असतें. तें तोडलें गेलें, चिरलें गेलें, फळ्या होऊन वाळत पडलें आणि मग केव्हां तरी कारागिराच्या हातीं आलें. १९७१ सालीं घडलें तें इतकेंच, कीं सरस वाळला.

या लांकडाच्या निमित्तानें एक गोष्ट आपल्या घराजवळची निघते. मार्टिन कंपनी कित्येक दशकें आपल्या उंची गिटारींच्या पाठी-कडांसाठीं ब्राझिलची शिसव वापरीत असे. ती मिळणें दुरापास्त होऊं लागल्यावर १९६९ सालीं तिनें भारतीय शिसव घेण्यास आरंभ केला. मुख्यतः दक्षिणेच्या रानांतून गेलेली ही शिसव म्हणजे आपल्या सह्याद्रींतहि वाढणारी तीच जात, जिचे पलंग आणि झोपाळे आपण आजोळच्या घरांत पाहिले आहेत. १९९२ सालीं ब्राझिलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आली, आणि १९६९ च्या अलीकडची गिटार व पलीकडची गिटार यांत जातिभेद पक्का झाला. १९६८ सालीं जन्मलेल्याच्या वांट्याला ब्राझिलची कुलीन कन्या येते, तिला देशाच्या सीमेपलीकडे न्यावयाची तर लांकडाच्या वंशावळीचे कागद दाखवावे लागतात. १९७२ सालीं जन्मलेल्याला मात्र आमच्या शिसवीवर समाधान मानावें लागतें, आणि तो तें नाक मुरडून मानतो. वर सांगितलेल्या प्रयोगांत काळे चष्मे लावलेल्या वादकांना या दोन शिसवींत डावें-उजवें करतां आलें नव्हतें. किंमतींत मात्र तें कैक पटींनीं केलें जातें.

परंतु या साऱ्या प्रकरणांतला खरा मौजेचा भाग १९६५ नंतर जन्मलेल्यांचा आहे. १९६५ सालच्या जानेवारींत फेंडरचा कारखाना सी. बी. एस. या रेडिओ-टेलिव्हिजनच्या धनाढ्य कंपनीनें १ कोटी ३० लाख डॉलरांस विकत घेतला. १९६९ सालीं गिब्सनहि अशाच एका उद्योगसमूहाच्या हातीं गेली. पुढच्या दशकांत काय झालें, हें त्या काळचे वादक कंठरवानें सांगत आले आहेत. स्ट्रॅटोकास्टरच्या मानेचे चार स्क्रू होते त्यांचे तीन झाले आणि माना डळमळूं लागल्या. रोगणाचे थर जाड झाले. लेस पॉलचें धड थरावर थर चिकटवून होऊं लागलें. जुन्या गिटारींना भाव येण्यास सुरुवात झाली ती याच काळांत, आणि तिचें कारणच हें, कीं जाणत्या वादकांना नव्या गिटारी भिकार वाटत व ते १९६५ पूर्वींच्या शोधीत फिरत. एके काळीं जी १९७४ ची गिटार १९७४ ची म्हणून दुकानांत पडून राही, तीच आज १९७४ ची म्हणून मोठ्या किंमतीला मागितली जाते. मधल्या काळांत तीन स्क्रूंचे चार झाले नाहींत, रोगण पातळ झालें नाहीं, वजन उतरलें नाहीं. बदललें तें एवढेंच, कीं १९७४ सालीं जन्मलेलीं मुलें पन्नाशीला पोंचलीं आणि त्यांच्या हातांत पैसा आला. दहा-पंधरा वर्षांनीं १९८८ च्या गिटारींचेंहि असेंच माहात्म्य गाइलें जाईल, याबद्दल आम्हांस शंका नाहीं. वाद्यांची परीक्षा ज्या बाजारांत ग्राहकाच्या वयावरून होते, त्या बाजाराला संगीताशीं संबंध सांगण्याचा अधिकार काय?

आणि हे वर महाशय वधूकडून अपेक्षा तरी कोणत्या करतात! स्वतःच्या डोळ्यांवर चष्मा आला आहे, दांतांपैकीं दोन दंतवैद्याचे आहेत, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली किंवा ठरलेली आहे. परंतु समवयस्क गिटारीचा मात्र स्क्रू न् स्क्रू मूळचा हवा. तारांच्या जोडावरचा डाखसुद्धां कारखान्यांतला हवा. कोणीं पुन्हां डाख दिला असला तर किंमत उतरली. पडदे बदललेले असले तर किंमत उतरली. रोगण नव्यानें दिलेलें असलें तर ती जवळजवळ अर्ध्यावर आली. आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी बिघडली कीं ती पुन्हां काढतात, घोडी घासतात, तारा बदलतात, आणि त्यांत कोणाला कमीपणा वाटत नाहीं. तंबोरा गाण्याला उपयोगी पडतो आहे याचीच ती खूण असते. गिटारीचे पडदेहि तारांच्या घर्षणानें झिजतात, आणि ज्या गिटारीचे पन्नास वर्षांत झिजले नाहींत ती पन्नास वर्षांत वाजली नाहीं, असाच त्याचा अर्थ. तात्पर्य, या हौसेला जी आदर्श समवयस्क गिटार हवी आहे ती पेटींत घालून, पेटी पलंगाखालीं सारून, अर्धें शतक विसरून गेलेली. अशा वस्तूंत कोणाला आपलें प्रतिबिंब दिसत असेल, तर आम्ही त्याच्या समाधानांत विघ्न आणूं इच्छीत नाहीं. दुसऱ्या टोकाला, नव्या कोऱ्या गिटारीवर मुद्दाम ओरखडे काढून, लोखंडाला गंज चढवून ती जुन्यासारखी दाखविण्याचा धंदा आहे, आणि तो खुद्द फेंडर कंपनीनेंच १९९५ पासून राजरोस चालविला आहे. एकाला न वाजलेलें जुनेपण पाहिजे, दुसऱ्याला न वाजवितां आलेली झीज पाहिजे.

येथवरचें सारें हास्यास्पद म्हणून सोडून देतां आलें असतें. आमची खरी तक्रार यापुढें आहे. जुन्या वाद्यांची संख्या ठरलेली. ती वाढत नाहीं. तेव्हां विशिष्ट सालाला मागणी आली कीं तें साल तयार करावें लागतें, आणि तें दुसऱ्या सालांच्या वाद्यांतून तयार होतें. १९५२ ते १९५७ या काळांतल्या सोनेरी रंगाच्या लेस पॉल गिटारी स्वतः उत्तम वाद्यें आहेत. परंतु १९५८ ते १९६० या तीन वर्षांतल्या तांबूस-पिवळ्या लेस पॉलला लाखों डॉलर येतात, म्हणून त्या सोनेरी गिटारींपैकीं कित्येकींचें रोगण खरवडून काढलें गेलें, लांकडांत नवीं भोंकें पाडून त्यांत दुसरे पिकअप बसविले गेले, आणि वर नवा रंग चढविला गेला. ते पिकअप कोठून आले? त्याच काळांतल्या दुसऱ्या कुठल्या तरी, तितक्या प्रसिद्ध नसलेल्या, पण वाजत्या गिटारींतून. ज्या तांबूस गिटारीसाठीं हा खटाटोप, ती १९५९ सालीं अडीचशें डॉलरांच्या आसपास मिळत होती आणि खपत नाहीं म्हणून कंपनीनेंच ती १९६० सालीं बंद केली होती, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. सुटे भाग तर स्वतंत्रपणें विकलेच जातात. एखाद्या गिटारीची मान एका सालची आणि धड दुसऱ्या सालचें निघालें, म्हणजे जन्मसालाच्या गिऱ्हाइकाला ती नकोशी होते. मग व्यापारी ती मोडतो, मान एकाला देतो, पिकअप दुसऱ्याला, खुंट्या तिसऱ्याला, आणि त्या अवयवांनीं तिघांच्या पत्रिका शुद्ध होतात. चांगली गाणारी एक गिटार मात्र जगांतून नाहींशी होते.

ज्या वादकाच्या हातांत ती गेली असती त्याचा विचार या व्यवहारांत कोणीहि करीत नाहीं. हीं वाद्यें मूळ कोणासाठीं केलीं होतीं? नाचाच्या दिवाणखान्यांत आणि दारूच्या गुत्त्यांत रात्रभर घाम गाळून पोट भरणाऱ्या गरीब वादकांसाठीं. फेंडरची घडण साधी, दणकट आणि दुरुस्तीला सोपी होती ती याच कारणानें. तीं आज हवाबंद खोल्यांतून भिंतीवर टांगलेलीं आहेत, आणि विशीच्या वादकाला त्यांच्याजवळ जाण्याचीहि सोय राहिलेली नाहीं.

उलट, ज्यांच्या वादनानें या वाद्याला प्रतिष्ठा आली त्यांनीं काय केलें, तें पाहावें. जिमी हेंड्रिक्स १९४२ सालचा; १९६९ सालच्या ऑगस्टमध्यें वुडस्टॉकच्या मेळाव्यांत त्यानें वाजविलेली पांढरी स्ट्रॅटोकास्टर आदल्या वर्षींची, म्हणजे जवळजवळ कोरी. एरिक क्लॅप्टन १९४५ सालचा. १९७० सालीं नॅशव्हिल येथें त्यानें जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तांत अर्धा डझन घेतल्या, तीन मित्रांना वांटून टाकल्या, आणि उरलेल्या तिघींतले चांगले चांगले भाग एकत्र करून एक काळी गिटार जुळविली. तिचें जन्मसाल ब्रह्मदेवालाहि सांगतां येणार नाहीं. २००४ सालीं लिलांवांत तिला ९,५९,५०० डॉलर आले. म्हणजे किंमत द्यावयाची झाली कीं बाजारालाहि कळतें, कीं गिटार कोणत्या सालीं झाली यापेक्षां ती कोणीं वाजविली हें महत्त्वाचें. विली नेल्सन १९३३ सालचा. १९६९ सालीं त्याची आधींची गिटार मोडली, तेव्हां त्यानें ७५० डॉलर देऊन, न पाहतांच, एक मार्टिन घेतली. ती नायलॉनच्या तारांची, बोटांनीं वाजविण्याकरितां केलेली. हा तिच्यावर नखीनें वाजवूं लागला, आणि वर्षानुवर्षें वाजवून वाजवून तिच्या फळीला आरपार भोंक पडलें. जोशीबुवा तिला काय भाव सांगतील? आणि तिच्याऐवजीं १९३३ सालची निष्कलंक गिटार देऊं केली असती, तर नेल्सननें ती घेतली असती काय?

ब्रायन मे याची गोष्ट थोडी सविस्तर सांगावीशी वाटते. हा १९४७ सालीं जन्मला. सोळा वर्षांचा असतांना त्याला चांगली गिटार हवी होती, पण ती विकत घेण्याची ऐपत घरांत नव्हती. १९६३ सालच्या ऑगस्टमध्यें त्यानें आणि त्याच्या वडिलांनीं घरींच गिटार करावयास घेतली. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते. मानेसाठीं लांकूड मिळालें तें शंभराहून अधिक वर्षांच्या जुन्या शेगडीच्या चौकटीचें. त्याला किडीनें पाडलेलीं भोंकें आगकाड्यांनीं बुजविलीं. धडासाठीं जुन्या टेबलाचें ओक कामीं आलें. तारा ताणणाऱ्या यंत्रणेला मोटारसायकलच्या इंजिनांतल्या स्प्रिंगा लावल्या, आणि मानेवरच्या खुणांसाठीं शिंपल्याचीं बटणें. या गिटारीवर तो पुढें आयुष्यभर वाजवीत राहिला. 'क्वीन' या त्याच्या संचाचीं जवळजवळ सारीं गाणीं तिच्यावरचीं आहेत. (या संचाचा गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणीं आपल्या पांचगणीच्या शाळेंत शिकला होता, हें पुष्कळांना ठाऊक असेल.) या गिटारीचें साल कोणतें धरावें? शेगडीचें, टेबलाचें, कीं ज्या उन्हाळ्यांत बापलेक करवत घेऊन बसले त्याचें?

यावर एक आक्षेप येईल तो आम्हांस ठाऊक आहे. ही निव्वळ भावना आहे, निरुपद्रवी आहे. एका उतरत्या वयाच्या मनुष्याला आपल्याइतकें जगलेलें कांहीं तरी जवळ असावेंसें वाटलें, तर त्याच्यावर एवढें तुटून कां पडावें? निरुपद्रवी ती नाहीं, हें वर दाखविलेंच आहे. आणि भावना म्हणावी, तर ती कोणाविषयीं? वडिलांनीं १९७० सालीं घेतलेली, लहानपणीं माडीवर ऐकलेली, आई रागावली तरी वाजत राहिलेली गिटार एखाद्याला प्राणापलीकडे वाटली, तर आम्ही तिच्यापुढें हात जोडूं; तिच्या नि त्याच्या आयुष्याची गांठ खरोखर पडलेली आहे. परंतु हजारों मैलांवरच्या एका कारखान्यांतून त्याच बारा महिन्यांत बाहेर पडलेल्या हजारों वस्तूंपैकीं एकीशीं नातें लागतें तें कोणत्या धर्मशास्त्रानें? १९७२ हें साल महाराष्ट्रांत उच्चारलें कीं दुष्काळ आठवतो. त्या सालीं मराठवाड्यांत जन्मलेल्या मुलाचे समवयस्क म्हणजे दुष्काळी कामांवर खडी फोडून झालेले रस्ते आणि पाझर तलाव. त्याच्या आईनें कदाचित् त्यांवर पाट्या वाहिल्या असतील. फुलर्टनच्या कारखान्यांत त्या वर्षीं मानेला किती स्क्रू लागत होते, याच्याशीं त्याचा ऋणानुबंध कसला?

इंग्लंडांतील सुखवस्तु घराण्यांत एक जुनी चाल होती. मूल जन्मलें कीं त्या सालच्या पोर्ट मद्याचा सांठा त्याच्या नांवानें तळघरांत ठेवावयाचा आणि तें वयांत आल्यावर उघडावयाचा. मद्यपानाची शिफारस आम्ही करीत नाहीं. पण त्या चालींत निदान हिशेब सरळ होता. द्राक्षांचा हंगाम एकाच शरदांतला असतो, म्हणून त्या मद्याला खरेंच साल असतें; आणि तें साल चालू असतांनाच घरच्या वडील माणसांनीं खरेदी करून वाट पाहिलेली असते. जन्मसालाची गिटार शोधणारा गृहस्थ वाट पाहत नाहीं. दुसऱ्यांनीं पाहिलेली विकत घेतो. ज्याला सालाचा इतकाच सोस असेल, त्यानें यंदा घरांत जन्मलेल्या नातवाच्या नांवानें यंदाच झालेली एक साधी गिटार आणावी, आणि ती पेटींत जपून न ठेवतां पाळण्याशेजारीं बसून रोज वाजवावी. तारा दर दोन-तीन महिन्यांनीं बदलाव्या लागतील. आठ-दहा वर्षांनीं पडदे झिजतील, ते चांगल्या कारागिराकडून घालून घ्यावेत. बटण खरखरूं लागलें तर काढून दुसरें बसवावें, आणि त्याच्या डबीवर कोणतें साल ठोकलें आहे तें पाहण्याच्या भरीस पडूं नये. पोर चालूं लागलें म्हणजे गिटार दोन-चार वेळां खालीं पडेल, धडाचा टवका उडेल; तेवढ्यासाठीं त्याला रागावण्याचें कारण नाहीं.